चावी देण्याआधी पॉलिसी बघा

मंडळी, लग्नसराई आणि उसाचा हंगाम आला की आपल्या उमरगा तालुक्यात गाड्या या हातातून त्या हातात फिरतात. कुणाला मुरूमला आहेर पोचवायचाय, कुणाला नवरा-नवरी तुळजापूरला दर्शनाला न्यायचीत, कुणाला रानात दोन ट्रिपा शेणखत टाकायचंय. "बापू, जरा चावी द्या की" म्हटलं की काम होतं. नाही म्हटलं तर माणूस वर्षभर तोंड फिरवतो. ही देवाणघेवाण बंद करा असं माझं अजिबात म्हणणं नाही, गाव त्याच्यावरच चालतं. पण चावीबरोबर जबाबदारीही गेली असं आपण धरून चालतो, ते कायद्याला मान्य नाही.

हे लिहायला कारण घडलं. आमच्या ओळखीतला एक पोरगा मित्राची मोटरसायकल घेऊन संध्याकाळी तुरोरीकडं गेला. येताना रानडुक्कर आडवं आलं, गाडी घसरली, पोरगा जागीच गेला. घरच्यांना वाटलं, गाडीचा विमा आहे, काहीतरी मिळेल. मी त्यांच्यासोबत पॉलिसी घेऊन चौकशीला गेलो. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी निघाली. मालकानं स्वतःचं अपघात कव्हरही घेतलेलं नव्हतं. समोर दुसरी गाडी नाही, म्हणजे दावा करायचा कुणावर? पोराच्या आईला मला एवढंच सांगता आलं की या कागदात तुमच्या पोराचं नाव कुठंच बसत नाही.

थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस: आपली गाडी ज्याला धडकते तो. त्याच्यासाठीच हा विमा सक्तीचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६. हे कलम फक्त चालवणाऱ्याला लागू नाही; विमा नसलेली गाडी दुसऱ्याला वापरायला देणाराही त्यात येतो. पहिल्या गुन्ह्याला दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आता मागून नेणाऱ्याचं. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढं आपल्या शेजारच्या कर्नाटकातलं प्रकरण होतं. इरकली लुगड्यांच्या इलकल गावाहून एकजण मागून घेतलेल्या मोटरसायकलवर आपल्या गावाकडं निघाला होता. पुढं पत्रे घेऊन चाललेली बैलगाडी एकदम थांबली, तो तिच्यावर आदळून गेला. न्यायालय म्हणालं, गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी येतो, तो तिसरा माणूस राहत नाही. म्हणून चूक कुणाची हे न बघता भरपाई देणाऱ्या त्यावेळच्या कलम १६३-अ खाली त्याच्या वारसांना त्या गाडीच्या विम्यातून मागता येत नाही. २०२० च्या एका निकालातही हेच झालं. तिथं मालकाच्या अपघात कव्हरमधले तेवढे एक लाख रुपये मिळाले.

हे मालकाचं अपघात कव्हर २०१८ पासून पंधरा लाखांचं झालंय. ते मालक-चालकाच्या नावानं असतं आणि लायसन्स चालू असावं लागतं. कितीतरी लोक चारशे-पाचशे रुपये वाचवायला ते गाळतात. दुसरा घोळ शोरूममध्ये होतो. सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांचा आणि कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. आपण समजतो पाच वर्षं सगळंच कव्हर आहे. खरं तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. नुसत्या थर्ड पार्टीत मागं बसलेलाही धरला जात नाही. त्याच्यासाठी पॅकेज पॉलिसी लागते.

मालकाचं काय होतं? नेणाऱ्याकडं लायसन्स नसेल आणि त्यानं कुणाला उडवलं, तर २००४ च्या निकालाप्रमाणं कंपनी जखमीला पैसे देते आणि मग ते मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे तुमच्या रानावर, घरावर येतं. मात्र त्याच निकालात हेही आहे की मालकानं आपल्या परीनं काळजी घेतली नव्हती हे कंपनीनं दाखवायला पाहिजे. म्हणून लायसन्स बघूनच चावी द्या आणि त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. बिनलायसन्सवाल्याला गाडी दिली तर मालकाला वेगळा पाच हजारांचा दंड आहे. पोरगा अठराच्या आतला असेल तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द.

आता भाड्याचं. पांढऱ्या पाटीची खाजगी कार "दिवसाचे एवढे द्या आणि डिझेल तुमचं" म्हणून जाते. खाजगी पॉलिसीत भाड्यानं वापर चालत नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. अशा गाडीचं नुकसान झालं तर कंपनी दावा नाकारते. २०१० साली अशाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मालकाला काही रक्कम मिळवून दिली, पण पूर्ण नाही, आणि तीही दिल्लीपर्यंत भांडून. स्वतः चालवायला भाड्यानं देण्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. धंदाच करायचा असेल तर तो रस्ता आहे.

ट्रॅक्टरचं तर याहून अवघड. ट्रॅक्टरवर सीट एकच, चालकाची. मडगार्डवर बसलेला भाचा कागदावर कुठंच नाही. ट्रॉलीचा विमा वेगळा लागतो, आणि शेतीसाठीची पॉलिसी शेतीपुरतीच. २००७ च्या एका निकालात मजूर वीटभट्टीच्या मातीच्या ट्रॉलीवर होता. ट्रॉलीला विमा नव्हता, काम शेतीचं नव्हतं. कंपनी जबाबदार नाही असंच ठरलं. मजूर गरीब म्हणून न्यायालयानं आपले खास अधिकार वापरून कंपनीला आधी पैसे द्यायला लावले, आणि नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा दिली. ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॉलीवर बसवून नेणाऱ्यांनी हे एकदा शांतपणे वाचावं.

मग करायचं काय? चावी देताना चार गोष्टी बघा: पॉलिसीची तारीख, ती नुसती थर्ड पार्टी आहे की पॅकेज, नेणाऱ्याचं लायसन्स, आणि गाडी कशाला चाललीय. दोन मिनिटांचं काम आहे. राग आला तर येऊ द्या. मी आता घरच्या भाच्यालासुद्धा लायसन्स विचारतो. तो कुरकुरतो, पण दाखवतो.

आणि ज्याची स्वतःची गाडी नाही, जो कायम मागूनच नेतो, त्यानं स्वतःच्या नावाचं काहीतरी कव्हर ठेवावं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेला वर्षाला २० रुपये लागतात, अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात, वय १८ ते ७० चालतं, बँकेत खातं असलं की झालं. शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. सातबाऱ्यावरचा शेतकरी आणि घरातला एकजण त्यात येतो, मृत्यूला दोन लाख. रक्कम फार नाही, पण शून्यापेक्षा बरी.

माझी एक मागणी आहे, आणि ती आपल्या तालुक्यातल्या शोरूमवाल्यांना आणि विमा एजंटांना आहे. पॉलिसी देताना एक पान मराठीत द्या: कुणाला मिळणार, कुणाला नाही, भाड्यानं दिली तर काय, ट्रॉलीचं काय. विकताना हप्ता सांगता तसं हेही सांगा. ग्रामपंचायतीनं तेच पान पारावर लावावं. तोपर्यंत ही पोस्ट आपापल्या गावच्या ग्रुपवर टाका, आणि आजच घरातली पॉलिसी काढून तारीख बघा.