न्हाणीघराचा रंग

घराला रंग द्यावयाचे ठरले, की दिवाणखान्याच्या भिंतींविषयी प्रत्येकाला मत असते. पाहुणे तेथे बसतात, लग्नाच्या बोलण्या तेथे होतात, आणि घरच्यांची रसिकताही तेथल्या रंगावरून जोखली जाते. न्हाणीघराचे नशीब मात्र निराळे. इतर खोल्यांतून उरलेले रंग एका डब्यात ओतून जे काही तयार होईल, ते त्याच्या वाट्याला येते. वास्तविक माणसाचा दिवस ह्याच चार भिंतींत सुरू होतो. आणि तोही कसा! डोळे झोपेने जडावलेले, चष्मा बाहेर ठेवलेला, तोंडाला साबण आणि पायाखाली ओली फरशी. इतक्या अडचणींत माणूस घरातल्या दुसऱ्या कोणत्याही खोलीत वावरत नाही.

कल्याणहून टिटवाळ्याकडे जाताना शहाडनंतर आंबिवली स्थानक लागते. तेथून जवळच, उल्हास नदीच्या काठी मोहने आहे. रेयॉनचे सूत काढणाऱ्या मोठ्या कारखान्यामुळे हे गाव अनेक वर्षे ओळखले जाई. २००९ साली तो कारखाना बंद पडला. तेथे उभे आयुष्य राबलेल्या एका कामगाराचे घर ह्या गावात आहे. कामगार आता हयात नाही. त्याची वृद्ध पत्नी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे त्या घरात राहतात. एका पावसाळ्यात तेथल्या न्हाणीघराच्या भिंतींना ओल आली, रंगाचे पोपडे सुटले आणि कोपऱ्यांत बुरशीचे काळे ठिपके उमटले. दसऱ्यापूर्वी भिंती खरवडून नवा रंग द्यावा, असे ठरले. इतके ठरायला एक संध्याकाळ पुरली. कोणता रंग, हे ठरायला आठ दिवस लागले.

आजीच्या लहानपणी हा प्रश्नच उद्भवत नसे. कळीचा चुना पाण्यात विरवावा, फडक्यातून गाळावा, त्यात चिमूटभर नीळ टाकावी आणि कुंचल्याने भिंतीवर ओढावा, की झाली सफेदी. नीळ कशाला, असे कोणी विचारील. चुन्याच्या पांढऱ्या रंगात पिवळसर झाक असते; निळीने ती झाक लपते आणि भिंत अधिक शुभ्र दिसते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि हळूहळू चुनखडीसारखा घट्ट होतो. शिवाय ताज्या चुन्याच्या दाहकपणामुळे बुरशीला तेथे सहसा थारा मिळत नाही. स्वस्त म्हणून ह्या सफेदीला नाके मुरडणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे. तिचा दोष एकच: ओल्या भिंतीला खांदा लागला, की अंगावर पांढरा शिक्का उमटे.

आता रंगारी आला तो छटांचे जाडजूड पुस्तक घेऊनच. त्यात प्रत्येक छटेला क्रमांक होता. आकड्यांवरून रंग ध्यानात कसा राहावा? म्हणून घरच्यांनी त्यांना आपली नावे दिली: अबोली, आमसुली, मोतिया, बदामी, पोपटी, डाळिंबी, अस्मानी, राखी. मराठीतील रंगांची नावे पाहावीत, तर निम्मी स्वयंपाकघरातली आणि निम्मी बागेतली! नातवाला अस्मानी हवा होता, नातीला पोपटी. सुनेला राखी पसंत होता, कारण त्यावर डाग दिसत नाहीत. मुलाचे मत पांढऱ्याला पडले, कारण तो सर्वांत स्वस्त. आजीचे मत कोणी विचारले नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. तिला रंगाचे काय, असे सर्वांनी मनोमन गृहीत धरले होते.

पोपटी रंगावरून एक जुनी हकीकत सांगण्याजोगी आहे. १७७५ साली शेले नावाच्या स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञाने एक सुंदर हिरवा रंग तयार केला. पुढे युरोपात भिंतींना चिकटवायचे शोभेचे कागद ह्या रंगाने रंगू लागले. पण त्या रंगात सोमल, म्हणजे आर्सेनिक, होते. दमट खोलीत त्या कागदावर बुरशी चढली, की त्यातून विषारी वायू निघे, आणि खोलीत राहणारी माणसे आजारी पडत. आजचा हिरवा रंग तसा नसतो. आपल्याकडेही घरगुती रंगांतील शिशाच्या प्रमाणावर कडक मर्यादा घालणारा नियम २०१७ सालच्या नोव्हेंबरपासून लागू झाला आहे. तरी डबा विकत घेताना त्यावरचा मजकूर वाचावा. रंगारी तो वाचून दाखवी, ही त्याची सवय फार चांगली होती.

त्याची दुसरी सवय अशी, की तो पुस्तकावरून रंग ठरवू देत नसे. त्याने भिंतीवर हातभर लांबीरुंदीचे सहा चौकोन सहा रंगांनी रंगविले आणि सांगितले, “दोन दिवस बघा. सकाळी बघा, दिवा लावून बघा, पाणी मारून बघा.” मग घरच्यांच्या ध्यानात आले, की पुस्तकातला नाजूक अस्मानी त्या अंधाऱ्या भिंतीवर मळकट दिसतो. ओल्या भिंतीवर राखी तर दोन छटांनी गडद झाला. लहान खोलीत एका भिंतीचा रंग समोरच्या भिंतीवरही उजळतो, म्हणून पोपटी डोळ्यांना बोचू लागला.

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याने सहज विचारले, “इथे अंघोळ कोण कोण करतं?” प्रश्न साधा होता, पण सून गप्प झाली. श्रावणात आजीचा पाय तेथे निसटला होता. भिंत पांढरी, फरशी पांढरी, बादलीही पांढरी. उंबऱ्याची पायरी कोठे संपते, हे तिला उमगले नव्हते. थोडक्यावर निभावले. पण तेव्हापासून आजीची अंघोळ होईपर्यंत सून दाराबाहेर उभी राही, आणि कडी न लावता स्नान करणे आजीला मनातून फार लागे. बोलून मात्र ती दाखवीत नसे.

“आजी, तुम्हीच या बघायला,” रंगारी म्हणाला.

आजीने चौकोन निरखले. मोतिया आणि पांढरा तिला एकच वाटले. अस्मानी आणि राखी ह्यांतही तिला फरक करता येईना. नातवंडे चकित झाली. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि निळा प्रकाश आत कमी पोहोचतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. क्लोद मोने ह्या जगप्रसिद्ध फ्रेंच चित्रकारालाही ह्याच व्याधीने गाठले होते. मोतीबिंदू वाढला तेव्हा त्याची चित्रे तांबूस, तपकिरी होत गेली. १९२३ साली शस्त्रक्रिया झाली, आणि हरवलेला निळा रंग त्याला पुन्हा दिसू लागला.

“आणि हा?” रंगाऱ्याने डाळिंबीवर बोट ठेवले.

“तो दिसतो हो, बाबा. तेवढा एक नीट दिसतो.”

मग निर्णयाला वेळ लागला नाही. भिंतींना फिकट बदामी रंग, तोही न चकाकणारा, कारण चकाकीवर दिव्याची तिरीप पडली की मोतीबिंदू झालेले डोळे दिपतात. हाताच्या उंचीवर चारी भिंतींवरून डाळिंबी पट्टा, दाराची चौकट डाळिंबी आणि पायरीची कडही डाळिंबी. मुलगा बाजारातून गडद रंगाची बादली घेऊन आला. नातवाने एक शंका काढली: तिन्हीसांजेला लाल रंग काळवंडतो, मग पट्टा दिसणार कसा? शंका बरोबर होती. अंधूक उजेडात तांबडा रंग आधी काळा पडतो, हे पुर्किंये नावाच्या शास्त्रज्ञाने १८२५ सालच्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे. पण फिकट भिंतीवर तो पट्टा काळा दिसला, तरी दिसतोच. आणि आजीला तेवढेच हवे होते.

रंग वाळायला तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी पहाटे आजी धुतलेले लुगडे खांद्यावर टाकून न्हाणीघरात गेली. सून नेहमीप्रमाणे दाराबाहेर येऊन उभी राहिली. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. सून क्षणभर तेथेच थांबली, आणि मग चहाचे आधण ठेवायला स्वयंपाकघरात गेली.