बिद्री : सहा खुणांचे नाव

१/ १९८१च्या आयबीएम पीसीच्या एकरंगी पडद्याला स्मृती होती अवघी ४ किलोबाइट : ८० रकाने, २५ ओळी, प्रत्येक घरात ठरलेल्या २५६ आकृत्यांपैकी एक. रोमन लिपीला ते पुरे. देवनागरीच्या शेकडो जोडाक्षरांना कसे पुरावे?

२/ कागल तालुक्यातील 'बिद्री' पाहा. पहिली वेलांटी उच्चारात 'ब'नंतर, लेखनात आधी. पुढे 'द'ला 'र' जोडलेला.

३/ कानपूरच्या आयआयटीत जन्मलेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या जिस्ट तंत्राने वाट काढली : उच्चारक्रमाने केवळ वर्ण साठवावेत, जोडाक्षर पडद्यावर उमटतानाच घडवावे. १९९१च्या 'इस्की' मानकाची रीत हीच. ब, पहिली वेलांटी, द, पायमोड, र, दुसरी वेलांटी : सहा बाइट.

४/ टंकयंत्रापायी जोडाक्षरे मोडून लिहावी लागत. संगणकावर ती शाबूत राहिली. आज मोबाइलवर 'बिद्री' उमटते, तेही याच सहा खुणांतून, याच क्रमाने.