रुग्णाशी नाते

आमच्या मंडळाच्या दप्तरात २०११ सालच्या एका शोकसभेचे टिपण आहे. ते आम्हीच लिहिलेले. "मास्तर आजन्म अविवाहित होते, त्यांच्या मागे दोन पुतणे व मोठा शिष्यपरिवार आहे," असे त्याचे शेवटचे वाक्य. त्यातील एकही शब्द खोटा नाही. तरीही ते वाक्य आम्हास अलीकडे टोचते, कारण मास्तरांच्या मागे जो माणूस खरोखर उरला होता तो त्या सभेत शेवटून दुसऱ्या रांगेत बसला होता, आणि टिपणात त्याचे नाव कोठेही नाही.

त्या माणसास सारे आबा म्हणत. मास्तर शाळेत चित्रकला शिकवीत, आबा प्रतापनगरच्या रेल्वे कचेरीत हिशेबनीस होते. १९६४ पासून दोघे दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्यात एकत्र राहत. १९७२ साली तेथील वरचा मजला विकत घेतला, तो मास्तरांच्या नावे. निम्मे पैसे आबांचे, पण त्याचा कागद नाही. माडीवर पितळी कड्यांचा झोपाळा होता. संध्याकाळी एकजण त्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाची आणि दुसरा भाजी निवडी. "दोघे ब्रह्मचारी" असे गल्लीत म्हटले जाई. चाळिशीपर्यंत लोकांनी मुली सुचविल्या, पुढे सुचविणे थांबले. कोणी काही विचारले नाही आणि त्यांनीही काही सांगितले नाही. हा आपल्या समाजाचा समजूतदारपणा, असे आम्ही कित्येक वर्षे मानीत आलो. तरुणपणी तेवढा समजूतदारपणा पुरतोही. म्हातारपणी मात्र कागद लागतात, आणि कागदावर न बोललेले काहीच उमटत नाही.

विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले. पुढे आमच्या मंडळात त्याचे वाचन झाले. विषय स्त्रीच्या स्त्रीवरील प्रेमाचा, पण चर्चा रंगली ती नाट्यतंत्रावर. मास्तर व आबा तिसऱ्या रांगेत होते. वाचन संपल्यावर नेहमी प्रश्न विचारणारे मास्तर त्या दिवशी पाणी पिऊन निघून गेले. आम्ही पाहिले होते. अर्थ लावण्याचे टाळले, एवढेच.

मास्तरांना पक्षाघात झाला तेव्हा आम्ही इस्पितळात आबांबरोबर होतो. अर्जावर 'रुग्णाशी नाते' असा रकाना होता. आबांनी बराच वेळ लेखणी धरून ठेवली आणि अखेर 'मित्र' असे लिहिले. खिडकीवरच्या मुलीने विचारले, "आजोबा, घरचं कोणी नाही का?" तिचा स्वर वाईट नव्हता. अतिदक्षता विभागात केवळ नातेवाइकांना सोडत. सेहेचाळीस वर्षे ज्याने ते अंथरूण-पांघरूण पाहिले तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला, आणि पुण्याहून रात्रीच्या गाडीने आलेला पुतण्या थेट आत गेला. पुतण्याचाही दोष म्हणवत नाही. त्याला काका वर्षातून एकदा पत्राने माहीत.

मास्तरांनी मृत्युपत्र केले नव्हते. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. पत्नी नाही, मूल नाही, भाऊ आधीच गेलेला, म्हणून दुसऱ्या वर्गातील वारस या नात्याने मजला पुतण्यांकडे गेला. आबांपाशी दाखवायला रेल्वेच्या भविष्यनिर्वाह निधीतून काढलेल्या रकमेचा एक जुना चिठोरा होता. "तुम्ही सवडीने जागा खाली करा, काका," असे पुतण्या अदबीने म्हणाला आणि सहा महिने दिले. झोपाळा आबांना न्यायचा होता, पण भाचीच्या दोन खोल्यांत तो टांगायला कडीच नव्हती.

त्या वर्षीच्या सर्वपित्रीला आबा आमच्या गुरुजींना विचारू लागले, मास्तरांचे काही करता येईल का. महालयात पितरांबरोबर गुरू, शिष्य, आप्त यांनाही पिंड असतो, हे आम्हास तोपर्यंत ठाऊक नव्हते. गुरुजींनी गोत्र विचारले, नाते विचारले नाही, आणि 'आप्त' म्हणून पिंड देवविला. इस्पितळाच्या अर्जात जो रकाना नव्हता तो पंचांगवाल्यांच्या पोथीत सापडला, याचे आम्हास आजही नवल वाटते.

पुढे भाचीचे घर अपुरे पडले. वृद्धाश्रम पाहायला आम्ही आबांबरोबर गेलो. सोबत राहणारे कोण, मुले किती, सून विचारपूस करते का, असे तेथील आजोबा जेवणाच्या पंक्तीत विचारीत. आबांनी पहिल्याच आठवड्यात "बायको लवकर गेली" असे सांगून टाकले. उभे आयुष्य न बोलता काढलेल्या माणसाला पंच्याहत्तरीनंतर खोटे बोलणे शिकावे लागले. मास्तरांचे छायाचित्र पेटीत तळाशी असे. २०१६ मध्ये आबा गेले.

दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २००९ मध्ये कलम ३७७ ची धार काढली, डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत बसविली, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम रद्द केले. आबांच्या वाट्याला यातील पहिली दोन वळणे आली. विवाहाचा हक्क ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने स्पष्ट केले की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास वा एकमेकांस नामनिर्देशित करण्यास बंदी नाही. जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा मृतदेह जोडीदाराच्या ताब्यात देण्याविषयीही राज्यांना लिहिले गेले. चांगले झाले. पण नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नव्हे, ती वारसांची विश्वस्त, हे तत्त्व न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. तेव्हा खात्यात नाव असूनही पुतण्या यायचा तो येतोच.

गुजरातेत बहुचरा मातेला मानणारे जे तृतीयपंथी आपण लग्नघराच्या दारातून लवकर काढून देण्याच्या घाईत असतो, त्यांच्यात गुरूचे म्हातारपण चेल्याने पाहावयाचे अशी रीत आहे. ती नेहमी पाळली जातेच असे नाही. तरी रीत आहे. आमच्या सुशिक्षित गल्लीत आबांसाठी रीतही नव्हती. राजपिपळ्याचे मानवेंद्रसिंह गोहिल यांनी २००६ साली आपले समलिंगी असणे जाहीर केले, तेव्हा आमच्या कट्ट्यावर आठवडाभर थट्टा चालली. आबा रोजच्यासारखे कट्ट्यावर येत आणि हसतही. ते हसणे आम्हास आता आठवते.

आपली कुटुंबे गायकवाडांच्या चाकरीनिमित्त येथे आली तेव्हा सगेसोयरे साताऱ्या-पुण्याकडे राहिले. आजारपणात, बाळंतपणात, प्रेतयात्रेत जो शेजारी उभा राहिला तोच आपला, या हिशेबावर आपण परमुलखात पिढ्या काढल्या. हा हिशेब आबांना लावण्याचे आम्हास सुचले नाही, आणि सुचले असते तरी त्या दिवशी शोकसभेत त्यांना पुढे बोलावण्याचे धैर्य झाले असते की नाही, शंका आहे.

गेल्या दिवाळीत मंडळाच्या दोन जुन्या सभासद बाई घरी आल्या. दोघी निवृत्त शिक्षिका, तीस-बत्तीस वर्षे एका घरात राहतात. त्यांनी परस्परांच्या नावे मृत्युपत्रे केली होती. साध्या कागदावर चालते, नोंदणी सक्तीची नसते, पण दोन साक्षीदार हवेत. "दादा, तुम्ही सही कराल?" थोरल्या बाईंनी विचारले. आमच्या सौभाग्यवतींनी चहा ठेवला. आम्ही दोन्ही कागदांवर सही केली. मग वाटले, आपण सत्त्याहत्तर वर्षांचे. साक्ष द्यायची वेळ येईल तेव्हा आपण असायला हवे ना! दुसरा साक्षीदार तरुण घ्या, असे सुचविले. शेजारच्या मुलाला हाक मारली. त्याने कागद वाचला, दोघींकडे एकदा पाहिले आणि विचारले, "सही कुठे करू, आजी?"