दुसऱ्यांदा घडणारे नाक

नाकावर एकदा शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर ती पुन्हा करून घ्यावी की नाही, हा प्रश्न बहुधा दोन तक्रारींच्या जोडीने उभा राहतो : एका नाकपुडीतून हवा पुरेशी आत जात नाही, आणि समोरून पाहता नाक मनासारखे दिसत नाही. पहिली तक्रार रुग्ण मोकळेपणाने सांगतो. दुसरी मात्र पहिलीच्या आडोशाने, पुष्कळदा तपासणीच्या खोलीतून निघता निघता सांगितली जाते, कारण श्वासासाठी शस्त्रक्रिया करणे ही गरज आणि रूपासाठी करणे हा चोचला, अशी समजूत घरात आणि गावात घट्ट रुजलेली असते. ही विभागणी नाकाच्या रचनेला मान्य नाही, आणि महाराष्ट्रात या शस्त्रक्रियेचा जो सर्वांत प्रसिद्ध दाखला घडला त्यातही ती आढळत नाही.

माणसाच्या आयुष्यात नाकाची दखल फार लवकर घेतली जाते. पहिले काही महिने तान्हे मूल प्रामुख्याने नाकानेच श्वास घेते, त्यामुळे साध्या सर्दीनेही त्याचे दूध पिणे अडते; आणि त्याच महिन्यांत, बुलढाणा जिल्ह्यातल्या घरांतही इतरत्र होते त्याप्रमाणे, अंघोळीपूर्वी तेल लावताना आजी बाळाच्या नाकाचा शेंडा चिमटीत धरून हलकेच ओढते, जेणेकरून ते पुढे चाफेकळीसारखे व्हावे. नाकाचा आकार या चिमटीने ठरत नाही. तो ठरतो आनुवंशिकतेने आणि कूर्चेच्या वाढीने. कूर्चा म्हणजे हाडापेक्षा मऊ, वाकणारी, तरीही आकार धरून ठेवणारी ऊती. दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा पुढच्या भागात याच कूर्चेचा असतो, आणि तो किशोरवय सरेपर्यंत वाढत राहत असल्यामुळे कबड्डीच्या मैदानावर किंवा झाडावरून पडताना लागलेला, घरात कोणाच्या फारसा लक्षातही न राहिलेला मार त्याची वाढ तिरकी करू शकतो. ‘नाकाचे हाड वाढले’ असे ज्याला सर्रास म्हटले जाते, तो पुष्कळदा असा वाकलेला पडदा असतो. उतारवयात नाकाला धरून ठेवणारे बंध सैल होऊन शेंडा खाली झुकतो आणि श्वासाची वाट आणखी थोडी अरुंद होते. म्हणजे जन्मभर एकच म्हणून ओळखले जाणारे नाक प्रत्यक्षात कधीच स्थिर नसते.

त्यात प्रदेशाचा वाटाही आहेच. अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग केले आहेत : वर बुलढाणा, चिखली, मेहकर, खाली खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुरा. कापसाची बाजारपेठ म्हणून नाव मिळवलेल्या खामगावाच्या परिसरात जिनिंगमध्ये उडणारी कापसाची धूळ, सोयाबीन मळणीयंत्रातून निघताना उठणारा भुसा आणि उन्हाळ्यातली कोरडी, तापलेली हवा यांमुळे नाकाचे अस्तर चिडते, आणि नाकाच्या बाजूच्या भिंतींवरील टर्बिनेट, म्हणजे हवा गाळणाऱ्या, ओलावणाऱ्या मांसल घड्या, सुजतात. या घड्या निरोगी नाकातही काही तासांच्या फरकाने आळीपाळीने फुगतात आणि ओसरतात. तेव्हा कोंडणारी नाकपुडी बदलत राहत असेल आणि हंगामाबरोबर त्रास वाढत असेल, तर दोष पडद्याचा नसून अस्तराचा असण्याची शक्यता मोठी असते, आणि अस्तराची ॲलर्जी सुरीने जात नाही. पहिली शस्त्रक्रिया ‘फसली’ असे वाटणाऱ्यांपैकी काहींची तक्रार मुळात एवढीच असते.

उरलेल्यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, 1887 मध्ये अमेरिकेतील जॉन ऑर्लँडो रो आणि 1898 मध्ये बर्लिनमधील जाक जोझेफ यांनी केवळ दिसण्यासाठी नाक बदलण्याची जी पद्धत रुळवली ती वजाबाकीची होती : उंचवटा तासायचा, शेंड्याची कूर्चा कापायची, नाक लहान करायचे. नाकाच्या मध्यावर पडदा आणि वरची कूर्चा यांच्यामध्ये सुमारे 10 ते 15 अंशांचा एक कोन असतो. त्याला अंतर्गत झडप म्हणतात, आणि नाकातून जाणाऱ्या हवेसाठी तीच सर्वांत अरुंद जागा असते. नाक बारीक करण्याच्या भरात हा कोन मिटला, तर छायाचित्रात सुबक दिसणारे नाक श्वास आत घेताना बाजूंनी खचते. पडद्याचेही तसेच आहे. त्याचा वाकडा भाग काढताना वरच्या आणि पुढच्या कडेला साधारण एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी राखावी लागते, कारण छपराला आढे तसे नाकाला ते असते. ती राखली गेली नाही तर नाकाची पाठ कालांतराने बसते. आधार गेल्यावर नाकाचे काय होते, हे विदर्भाने शस्त्रक्रियेशिवायही पाहिले आहे. कुष्ठरोगाचे जंतू थंड ऊतींत वाढतात, नाकातला पडदा पोखरतात आणि नाक खोगिरासारखे खचते; अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी उभारलेल्या तपोवनात आणि वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांच्या आनंदवनात जे आले, त्यांच्या रोगाची खूण लोक पुष्कळदा याच खचलेल्या नाकावरून ओळखत असत.

महाराष्ट्रातला तो प्रसिद्ध दाखला तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धानंतरचा आहे. इंग्रज फौजेच्या तळावर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला, त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला, आणि सुमारे वर्षभर तसाच राहिल्यावर पुण्याजवळच्या एका कुंभाराने त्याला नवे नाक बसवून दिले. इंग्रजी कागदांत त्याचे नाव ‘कावसजी’ असे लिहिले गेले, मराठी लेखनात तो कुसाजी म्हणून ओळखला जातो. कुंभाराचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही, आणि दोन इंग्रज शल्यवैद्यांनी अशी शस्त्रक्रिया पाहिल्याचे त्यांच्या नावांनिशी नोंदवणाऱ्या कागदात ही उणीव आज खटकते. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर 1794 च्या अंकात छापलेल्या पत्रात ही कृती दिवसांच्या हिशेबासह आली आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून नव्या नाकाचे माप घ्यायचे, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याच्या कडेने रेघ ओढून कातडे सोडवायचे, पण दोन भुवयांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली राखायची, म्हणजे तिच्यातून रक्त पुरत राहते. मग ते कातडे फिरवून खाली आणायचे आणि उरलेल्या नाकाच्या कडेला केलेल्या चिरेत बसवायचे. पाण्यात मऊ केलेला काथ कापडाच्या पट्ट्यांवर लावून सांधा धरायचा, चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या पट्ट्या ठेवायच्या.

या वर्णनातली दोन वाक्ये पुनर्शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याने लक्षपूर्वक वाचावीत अशी आहेत, आणि कपाळावरच्या कातड्याच्या नवलाईत ती सहसा झाकली जातात. दहाव्या दिवशी नाकपुड्या पुरेशा उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घातले जात, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी जोडपट्टी कापताना नव्या नाकाचे रूप सुधारण्यासाठी आणखी थोडी कापाकापी केली जाई. म्हणजे श्वासाची वाट आणि दिसणे या दोहोंची सोय एकाच कारागिराने, एकाच नाकावर, ठरलेल्या क्रमाने केली होती, आणि दुसऱ्यांदा सुरी लावणे हे अपयशाचे लक्षण न मानता कामाचाच भाग मानले होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातही गालाच्या कातड्याचे नाक बसवताना आत दोन नळ्या ठेवून ते उचलून धरण्यास सांगितले आहे, आणि प्रकरणाच्या शेवटी, नाक कमी पडले तर ते वाढवण्याचा पुन्हा प्रयत्न करावा आणि मांस जास्त वाढले तर ते समतल करावे, असा स्पष्ट निर्देश आहे. लंडनमध्ये जोझेफ कार्प्यू यांनी या पत्राचा मागोवा घेत 23 ऑक्टोबर 1814 रोजी कपाळाच्या कातड्याने नाक घडवले आणि 1816 मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा युरोपात या पद्धतीला ‘भारतीय’ हे विशेषण कायमचे चिकटले. कुंभाराच्या पद्धतीत एक मोठी उणीव होती हेही खरे : त्या नाकाला आतून ना अस्तर होते ना कूर्चेचा आधार, आणि केवळ कातड्याचे नाक पुढे आक्रसते. अस्तर, आधार आणि आवरण हे तिन्ही थर परत द्यावे लागतात, हे शल्यशास्त्राला पुढे सावकाश उमगले.

आजची पुनर्शस्त्रक्रिया म्हणूनच बेरजेची शस्त्रक्रिया आहे. मिटलेली झडप उघडण्यासाठी पडदा आणि वरची कूर्चा यांच्यामध्ये कूर्चेच्या पातळ पट्ट्या बसवतात; अमेरिकेतील जॅक शीन यांनी 1984 मध्ये मांडलेल्या या कलमांना स्प्रेडर ग्राफ्ट म्हणतात. गंमत अशी की, आत आधार घालून नाकाचा मध्य रुंदावला की बाहेरून दिसणारा चिमटलेपणाही जातो, आणि रूपाची तक्रार श्वासाच्या दुरुस्तीतच बरीचशी मिटते. अडचण कच्च्या मालाची असते. पहिल्या वेळी पडद्याची कूर्चा वापरली गेली असेल तर कानाच्या पाळीमागून किंवा बरगडीतून कूर्चा घ्यावी लागते; बरगडीची कूर्चा भरपूर मिळते, पण ती वाकण्याचा संभव असतो आणि वयाबरोबर तिचे हाड होऊ लागते. व्रणाने आतले थर एकमेकांना चिकटलेले असतात, आणि सूज, विशेषतः जाड कातड्याच्या शेंड्यावरची, ओसरायला वर्षभर लागते, त्यामुळे त्याआधी निर्णय घेणे बहुतेक शल्यविशारद टाळतात.

देशातला प्लास्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग डॉ. सी. बालकृष्णन यांनी 1958 मध्ये नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला, तेव्हा विदर्भाला हे शास्त्र परके नाही. तरीही घाटाखालून अकोल्याला किंवा नागपूरला आणि घाटावरून छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्या माणसाने पिशवीत पहिल्या शस्त्रक्रियेची टिपणे न्यावीत, कारण आत काय काढले आणि काय उरले हे नुसत्या चेहऱ्यावरून पूर्णपणे कळत नाही. खर्चाचा प्रश्न वेगळाच पेच घालतो : अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना आणि वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार सोडले, तर आरोग्य विमा रूपासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च देत नाही, म्हणून जे नाकात एकत्र नांदते ते अर्जात वेगळे करून लिहावे लागते.

निर्णयापूर्वीची एक चाचणी घरीही करता येते. गाल बोटांनी बाहेरच्या बाजूला हलकेच ओढल्यावर त्या बाजूचा श्वास एकदम मोकळा झाला, तर झडपेत दोष असण्याची शंका बळावते आणि पुढच्या तपासणीला दिशा मिळते. फरक पडला नाही, पण विक्स हुंगताच मोकळे वाटले, तर मात्र सावध राहावे : मेन्थॉल वाट रुंद करत नाही, ते केवळ थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते, आणि हवा जाते आहे ही जाणीव मुख्यतः त्या थंडाव्यातूनच होते. टर्बिनेट आधीच फार कापले गेले असतील, तर वाट प्रशस्त असूनही हा थंडावा हरवतो आणि माणसाला कोंडल्यासारखेच वाटत राहते. तिथे आणखी काही कापणारी दुसरी शस्त्रक्रिया करून घेऊ नये. झडप खचलेली असेल, वर्ष उलटलेले असेल आणि औषधांनी अस्तर शांत होऊनही श्वास अडत असेल, तर मात्र ती करावी, आणि त्याच वेळी नाक दिसायलाही नीट व्हावे अशी इच्छा असेल, तर ती निघता निघता न सांगता पहिल्याच भेटीत सांगावी, कारण बरगडीतून किती कूर्चा घ्यायची हे शल्यविशारदाला त्यावरूनच ठरवायचे असते.