उजव्या डोळ्याचा तपकिरी

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यापासून माझ्या प्रत्येक ब्राँझ पदकाला दोन रंग झालेत. व्हिक्टोरियाचं 1897चं हीरक महोत्सवी पदक डाव्या डोळ्याला अजून मधाळ तपकिरी दिसतं. उजव्याला तेच पिवळेपणा गेलेलं, किंचित जांभळट. एका अंगाला थॉमस ब्रॉकची वृद्ध राणी, दुसऱ्या अंगाला विल्यम वायनची तरुण. वायन 1851 सालीच वारला होता. तरी त्याच्या रेषेपुढे ब्रॉकचं काम मला कायम जड वाटत आलंय.

प्रश्न रंगाचा आहे. हा तपकिरी टांकसाळीनं दिलेला, की चिंच-मीठ लावून घासल्यावर कुणी पुन्हा चढवलेला? ओरखडे बघावेत. मूळ रंगावर ओरखडा पडला तर तो रंग कापतो, तळाशी धातू चमकतो. नंतर चढवलेल्या रंगात घासल्याच्या बारीक रेघा रंगाच्या खाली झाकलेल्या असतात, आणि नाकाच्या बगलेत, अक्षरांच्या कोपऱ्यांत रंग दाट साचतो. एवढं ठाऊक असूनही काही पदकं थांग लागू देत नाहीत. बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीतलं, क्युख्लरनं घडवलेलं कॉर्नवॉलिसचं पदक त्यांतलं. मागे 1792चा प्रसंग: टिपूचे दोन मुलगे ओलीस म्हणून स्वीकारताना कॉर्नवॉलिस. टिपूविरुद्धच्या त्या मोहिमेत मराठी फौज घेऊन हरिपंत फडकेही होते; पदकावर त्यांचं नाव नाही, हे मला दर वेळी खुपतं. कॉर्नवॉलिसच्या गालावरचा रंग मूळचा आहे असं मी वर्षानुवर्षं मानलं. आता उजवा डोळा तिथे एक वेगळा थर दाखवतो, डावा दाखवत नाही.

संग्राहक जमले की पदक माझ्या हाती यायचं. खिडकीशी जाऊन, भिंग न लावता मी निकाल द्यायचो. सगळे थांबून माझ्या तोंडाकडे बघायचे, त्याचा मला माज होता, आणि तो हवाहवासा होता. आज मोबाइलवरच्या फोटोवरून सौदे होतात. फोटोत ओरखडा वर की खाली, कधीच कळत नाही. चकचकीत पदकाला जास्त भाव देणाऱ्यांनी तर या छंदाचं फार नुकसान केलंय.

डाव्या डोळ्याची तारीख ठरली आहे. त्याआधी प्रत्येक पदक दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं बघून नोंदवहीत दोन रकान्यांत रंग लिहितोय. कॉर्नवॉलिसची पानं अजून कोरी आहेत.