वजाबाकी कोणी करायची?

पोस्ट मोठी आहे, सावकाश वाचा. आणि आधीच सांगते, यात मी कोणाला झोडपणार नाहीये. झोडपायचंच झालं तर पहिला नंबर माझा.

मी आपल्या जिल्ह्यात घाटावरच्या एका नगरपरिषदेच्या शाळेत शिकवत होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांना माहीत आहे त्यांना माहीतच आहे आणि बाकीच्यांनी आपापल्या गावाचं नाव घातलं तरी चालेल.

२०१७ ची गोष्ट. दिवाळीच्या सुट्या संपल्या, शाळा भरली आणि सातवीतली एक मुलगी आली नाही. गणितात बरी होती, अक्षर तर माझ्यापेक्षा चांगलं. चार-पाच दिवस वाट पाहून मी वस्तीवर गेले. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "मुकादमाची उचल घेतली व्हती ना बाई, टोळी गेली खाली, कारखान्यावर. पोरीले कोनापाशी ठेवतीन?" शिक्षण हमी कार्ड नावाचा कागद असतो. पालक स्थलांतर करतात तेव्हा तो मुलाच्या हातात द्यायचा, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवून घेतात. पण हातात द्यायला मूल तर समोर पाहिजे. टोळी रात्रीतून गेलेली.

आता माझी चूक. मी तिचं नाव पटावरून कमी केलं नाही. ऑनलाइन 'सरल'मध्ये ती होती, आधार जुळलेलं होतं, हिरवी टिक होती. नाव कमी केलं की ती 'शाळाबाह्य' ठरणार, मग खुलासा द्या, शोधमोहीम दाखवा. शिवाय पट घसरला की पुढच्या संचमान्यतेत एक शिक्षक अतिरिक्त. आमच्या शाळेत तेव्हा तोच घोर होता. मुख्याध्यापक म्हणाले, "येईल हो बाई ती मार्चपर्यंत, राहू द्या." मी राहू दिलं.

ती मार्चमध्ये आली नाही. अक्षय्य तृतीयेला तिचं लग्न लागलं. तेरा वर्षांची होती. मला कळलं जूनमध्ये, तेही दुसऱ्या पालकांकडून. १०९८ हा नंबर आमच्या व्हरांड्यातल्या भिंतीवर रंगवलेला होता. फोन करायला आधी कळायला तर पाहिजे.

हे सगळं आज लिहितेय त्याचं कारण हजेरीचं अ‍ॅप, डॅशबोर्ड, 'स्मार्ट शाळा' हे शब्द पुन्हा कानावर यायला लागलेत. नवीन नगरसेवक, नवीन उत्साह, चांगलं आहे. माझा तंत्रज्ञानाला विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच की त्या वर्षी माहिती कमी नव्हती.

शालेय पोषण आहाराचा आकडा आम्ही रोज मोबाइलवरून पाठवायचो. आज किती मुलं जेवली, एवढंच. तो आकडा खरा असायचा, कारण तांदळाचा हिशोब द्यावा लागतो. सहावी ते आठवीचा आमचा पट होता ९४. दिवाळीनंतर ताटं लागायची सत्तर-बहात्तर. महिनोन् महिने. दोन्ही आकडे वर जात होते, दोन वेगवेगळ्या खिडक्यांतून. ९४ वजा ७२. तिसरीतलं पोर करेल ही वजाबाकी. नगरपरिषदेत नाही, तालुक्याला नाही, जिल्ह्याला नाही, आणि मीसुद्धा नाही, कोणीच केली नाही. त्या बावीस मुलांत कोणी आजारी असेल, कोणी भट्टीवर असेल, कोणी नुसतंच बसस्टँडवर. आणि एक ती.

जुन्या शिक्षकांना ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी आठवत असेल. ३ ते ५ ऑक्टोबर, अख्ख्या राज्यात एकाच वेळी, मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावून डोकी मोजली होती. बोगस पट शोधायचा होता, त्यासाठी ते ठीकच. पण तेव्हापासून आमच्या डोक्यात एक पक्कं बसलं की आकडा म्हणजे शाळा पकडायचा सापळा. आकडा मुलासाठी असू शकतो हे कोणी सांगितलंच नाही. २०१५ ला सरल आलं, मग आधार आलं. प्रत्येक वेळी प्रश्न एकच, मूल खरं की खोटं? मूल कुठंय, हे विचारणारा रकाना कुठेच नव्हता.

अंगणवाडीताईंचं वेगळं नाही. २०२१ मध्ये राज्यभर त्यांनी सरकारी मोबाइल परत केले होते, लक्षात असेल. फोन तापायचे, अडकायचे, आणि पोषण ट्रॅकर इंग्रजीतून. लेकराचं वजन घेणारीला त्या वजनाचं पुढे काय झालं ते दिसायला नको का?

दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की काय होतं, ते आपल्याच जिल्ह्याने पाहिलंय. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत केस गळायला लागले. कॉलेजच्या पोरी डोक्याला रुमाल बांधून घरात बसल्या. आधी शाम्पू, मग पाणी, खारपाणपट्टा आहे म्हटल्यावर पाण्यावर संशय येणारच. डॉ. हिंमतराव बावस्करांनी लोकांचं रक्त तपासलं आणि त्यांच्याच घरातला रेशनचा गहूही तपासला, आणि मग सेलेनियमचं बोट गव्हाकडे दाखवलं.

तिकडे आइसलँड म्हणून देश आहे, लोकसंख्या आपल्या दोन तालुक्यांएवढी. तिथल्या पोरांना दारूचं भयंकर वेड होतं. १९९८ मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या शंभरातल्या ४२ जणांनी मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सांगितलं होतं. २०१६ मध्ये ते प्रमाण ५ वर आलं. त्यांनी काय केलं? मुलांना नाव न लिहिता प्रश्न विचारले. संध्याकाळी कुठं असता, घरी कोण असतं, जवळचं वाटणारं कोण आहे. आणि निकाल राजधानीत फाइलबंद न ठेवता ज्या त्या नगरपालिकेला, ज्या त्या शाळेला काही महिन्यांत परत दिला. तुमच्या गावचा हा आकडा, आता काय करायचं ते पालकांसोबत बसून ठरवा. मग कुठे खेळाची फी भरली, कुठे रात्रीचं फिरणं बंद केलं. आपल्याकडे असंच होईल असं नाही, त्यांच्याकडे पैसा आहे. पण आकडा परत पाठवायला पैसा लागत नाही.

आपल्या जिल्ह्यात ११ नगरपरिषदा आणि मोताळा, संग्रामपूर या दोन नगरपंचायती. जन्मनोंदणी यांच्याच टेबलावर होते. जिजाऊंच्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली २००१ ला होत्या ९०८ आणि २०११ ला ८५५. हे आपल्याला जनगणनेने सांगितलं, दहा वर्षांनी. पुढची २०२१ ची झालीच नाही, आता २०२७. मधल्या काळात जन्माच्या रजिस्टरात मुलगा-मुलगी रोज लिहिलं जातंय. खेड्यातल्या बाळंतपणांच्या नोंदीही शहरातल्या दवाखान्यामुळे तिथेच होतात, त्यामुळे तो आकडा नुसता शहराचा नसतो, हे मान्य. तरी दर महिन्याला बेरीज करून दारावर लावायला काय हरकत आहे?

महिला व बालकल्याणाचा ५ टक्के निधी असतो. तो बहुतेक वेळा शिलाई मशीनवर आणि मार्चअखेरच्या एखाद्या मेळाव्यावर जातो. त्यातून एक माणूस नेमा. काम एकच, महिन्याला प्रत्येक शाळेचा पट आणि ताटं शेजारी मांडायची, फरक दिसला की वस्तीवर जायचं. आणि हो, त्या मुलांची नावं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची नाहीत. मुलगी गैरहजर आहे ही बातमी गावभर झाली तर बाप तिला शाळेत पाठवणार नाही, लग्न उरकून टाकेल. आणि गैरहजेरी कळवणाऱ्या शाळेला नोटीस नको. नाहीतर माझ्यासारख्या बाया नाव 'राहू द्या'च म्हणणार.

ती मला पुन्हा भेटली २०२४ च्या जुलैमध्ये. लाडक्या बहिणीचे फॉर्म चालू होते, शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे होता. कडेवर एक, हाताला एक. मी ओळखलं, तिने आधी ओळख दाखवली नाही. जनरल रजिस्टर काढलं, दाखला लिहिला. तारीख पाहून सेतूवाल्या पोराने लगेच सांगितलं, एकवीस पूर्ण नाहीत, फॉर्म होत नाही.

ती हसली. म्हणाली, "बाई, माझं वय आता पायतात व्हय?"

दाखला तिने घडी घालून ठेवला, पुढच्या वर्षी लागेल म्हणून.

येत्या आठवड्यात मी आमच्या नगरपरिषदेत अर्ज देणार आहे, आपल्या सगळ्या शाळांचा पट आणि रोजची ताटं, मागच्या दिवाळीनंतरच्या तीन महिन्यांची, नावं नकोत, फक्त आकडे. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, लोणार आणि घाटाखालच्या मंडळींपैकी कोणाला आपापल्या गावी द्यायचा असेल तर अर्जाचा नमुना कमेंटमध्ये टाकते.