रोग रेड्याला, औषध पखालीला

(द्वितीय वर्ष, कला)

तर्कशास्त्राच्या पुस्तकातील उदाहरणे बहुधा सॉक्रेटिसच्या मर्त्यपणाची असतात, नाहीतर धूर आणि अग्नीची. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे अनुमान करावे, हे बरोबरच आहे. पण आमच्याकडे धूर दिसला की एवढ्यावर भागत नाही. सरपण ओले आहे, की गाडीखाली वायर जळते आहे, की ब्रेक चिकटून चाक तापले आहे, हे आधी ठरवावे लागते. कारण प्रत्येक धुरावर पाणी ओतून चालत नाही.

हे लिहिण्याचे कारण असे की माझ्या वडिलांचे टायरचे दुकान आहे. सुरूर फाट्याच्या अलीकडे, पुणे–सातारा हायवेला लागून. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, दोन जॅक, पाण्याची अर्धी कापलेली टाकी, आणि रस्त्याच्या कडेला उभा केलेला एक जुना टायर, ज्यावर पांढऱ्या रंगात ‘पंक्चर’ असे लिहिलेले आहे. ती अक्षरे मी आठवीत असताना काढली. आबांची शाळा चौथीत सुटली. पुढचे शिक्षण त्यांनी एका मल्याळी उस्तादाच्या हाताखाली, याच रस्त्यावर घेतले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे ‘बी. ए. होऊन काय करणार?’ हा प्रश्न मला आतापर्यंत इतक्यांनी विचारला आहे की त्याचे उत्तर देण्यापेक्षा त्यांच्या गाडीत हवा भरून देणे मला सोपे वाटते.

आबांच्या धंद्याचे सार एका म्हणीत आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पूर्वी रेड्याच्या पाठीवर कातड्याची पखाल टाकून पाणी वाहत. रेडा आजारी पडला आणि मालकाने औषध पखालीला लावले, अशी ती गोष्ट. विचार केला तर टायर ही एक पखालच आहे, फक्त पाण्याऐवजी हवा भरलेली. गंमत अशी, की १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेणारा जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला गुराढोरांचा डॉक्टर होता. (त्याच्याही आधी, १८४५ मध्ये, रॉबर्ट थॉमसन याने अशाच टायरचे पेटंट घेतले होते, हे पुढे उघडकीला आले.) तेव्हा रेड्याचा आणि पखालीचा संबंध तसा जुनाच म्हणायचा!

दुकानात येणारा गिऱ्हाईक नेहमी पखालच दाखवतो. “टायर लवकर गेला हो, कंपनी खराब.” आबा काही बोलत नाहीत. ते उकिडवे बसतात आणि टायरवरून तळहात फिरवतात. दोन्ही खांदे झिजून मध्ये नक्षी शाबूत असेल, तर हवा कमी. मधलाच भाग झिजला असेल, तर हवा जास्त. एकच बाजू गुळगुळीत झाली, तर चाक कललेले. जागोजागी वाटीसारखे खळगे पडले, तर शॉकॲब्सॉर्बर गेलेले किंवा चाकाचा तोल बिघडलेला. आणि नक्षीला करवतीसारखे दात आले, म्हणजे हात एका दिशेने फिरवला तर मऊ आणि उलटा फिरवला तर खरखरीत लागला, तर पुढची दोन चाके एका रेषेत धावत नाहीत; ती रस्त्यावर घासत चालली आहेत. टायर हा गुन्हेगार नसतो, साक्षीदार असतो. साक्षीदाराला बदलून गुन्हा मिटत नाही.

यंदा तर्कशास्त्राच्या तासाला सरांनी जॉन स्टुअर्ट मिल याच्या पाच रीती शिकवल्या. १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मिलने कारण शोधण्याच्या या रीती सांगितल्या आहेत. वर्गात काहीजणांना तो भाग रुक्ष वाटला. मला मात्र प्रत्येक रीत ओळखीची वाटत होती. हेडलाइट लागत नसेल तर आबांचे शेजारी, म्हणजे बॅटरी-वायरिंगचे काम करणारे चाचा, दुसऱ्या बाजूचा चालू बल्ब काढून इकडे लावतात. लागला तर बल्ब गेला होता, नाही लागला तर वायर. बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलायची. ही मिलची व्यतिरेक रीत. चाचांनी मिलचे नाव ऐकलेले नाही, आणि मिलने हेडलाइट पाहिलेला नव्हता.

गेल्या डिसेंबरात मला या रीतींची परीक्षाच द्यावी लागली.

आपल्या राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. आत झोपायला बाके, ओटा, लहान फ्रीज, पाण्याची टाकी. महाबळेश्वरच्या वाटेवर अशी गाडी अधूनमधून दिसते. तशीच एक गाडी एका दुपारी खंबाटकी घाट उतरून आमच्या दारात थांबली. मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेली, मागे दोन्ही बाजूंना जोडचाके. आत गृहस्थ, त्यांच्या पत्नी, दोन मुले आणि सत्तरीच्या आजी.

गृहस्थ उतरले आणि म्हणाले, “काका, पुढचे दोन्ही टायर नवे टाका. आठ हजार किलोमीटरमध्ये ही दुसरी जोडी गेली. आणि हे यंत्र काढून फेकता आलं तर तेही बघा.”

यंत्र म्हणजे टायरच्या हवेवर नजर ठेवणारे. प्रत्येक व्हॉल्व्हवर टोपणासारखा एक सेन्सर बसवलेला असतो. तो आतला दाब मोजून बिनतारी पाठवतो आणि ड्रायव्हरपुढच्या पडद्यावर आकडा उमटतो. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून नव्या हलक्या गाड्यांना असे यंत्र सक्तीचे आहे, पण जोडचाकांच्या गाड्या त्या सक्तीतून वगळल्या आहेत. म्हणजे जेथे आतले चाक डोळ्यांना दिसत नाही, तेथेच ते मालकाच्या मर्जीवर. या गृहस्थांनी हौसेने ते बसवून घेतले होते आणि आता त्याच्या ओरडण्याला कंटाळून पडद्यावर रुमाल टाकला होता.

“खोटं बोलतं ते,” ते म्हणाले. “आत्ताच मी मागचा टायर गेजने तपासला. पासष्टच्या पासष्ट पौंड.”

त्या दिवशी आमच्या घरी परीक्षेचे शुल्क भरायला चार दिवस उरले होते. दुकानात त्या मापाचे दोन नवे टायर होते, आणि गिऱ्हाईक स्वतः मागत होते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्याशिवाय पुढच्या गोष्टीची किंमत कळणार नाही.

आबांनी पुढच्या टायरवरून हात फिरवला. नक्षीला दात होते. त्यांनी जॅक लावून चाक उचलले, दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवले. चाक खुळखुळत होते.

“सायेब, टायरचा गुन्हा न्हाई,” आबा म्हणाले. “टायरॉडचा जॉइंट ढिला हाय. म्या नवं टायर टाकीन, पैसं घीन, पर तुमची तिसरी जोडी बी अशीच जाईल. आधी जॉइंट बदला, अलाइनमेंट करा. मग टायर.”

गृहस्थ जरा गोंधळले. टायर विकणारा माणूस टायर नको म्हणतो, हे त्यांना नवीन असावे.

मी तोवर त्या यंत्राकडे पाहत होते. मी विचारले, “काका, हे ओरडतं कधी?”

“कधीही!”

“तरी पण? दिवसा की रात्री?”

त्यांच्या पत्नीने आतून उत्तर दिले, “रात्रीच जास्त. दिवे लावले, फ्रीज सुरू झाला की हमखास. पडदा विझतो, पुन्हा लागतो आणि किंचाळतो.”

वर्गात लिहून घेतलेले शब्द मला आठवले. एक गोष्ट वाढली की दुसरी वाढते, एक कमी झाली की दुसरी कमी होते, तर दोहोंत कार्यकारणसंबंध असण्याचा संभव आहे. ही सहपरिवर्तन रीत. विजेचा भार वाढला की यंत्र ओरडते. मग त्या ओरडण्याचा टायरशी काही संबंध नाही. त्याचे कारण वायरिंगमध्ये आहे.

मी विचारले, “आणि आज?”

“आज सकाळपासून एकसारखं चालू आहे.”

“आज दिवे लावले होते? फ्रीज?”

“नाही. फ्रीज रिकामाच आहे, बंद ठेवलाय.”

मिलची आणखी एक रीत आहे, अवशेष रीत. ज्याचे कारण आधीच कळले आहे तेवढे वजा करावे. जे उरेल त्याचे कारण वेगळे शोधावे. दिव्यांमुळे होणारे ओरडणे वजा केले, तरी आज सकाळचे ओरडणे उरत होते. मी पडद्यावरचा रुमाल काढला. मागचा डावा, आतला: ४१.

गृहस्थांनी तपासला होता तो बाहेरचा टायर. तोच हाताला येतो. आबांनी लोखंडी टॉमीने दोन्ही टायर ठोकून पाहिले आणि मान हलवली. ते नेहमी सांगतात, ठोकून पंक्चर कळते, पौंड कळत नाहीत. मग ते गाडीखाली शिरले. आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हला बाहेरपर्यंत आणणारी एक लांब नळी असते. तिच्या सांध्यावर साबणाचे पाणी टाकताच बुडबुडे आले. त्यांनी चाक काढले, टायर रिमवरून उतरवला आणि बॅटरीच्या उजेडात आतून तपासला. कमी हवेवर फार धावलेल्या टायरच्या आत रबराचा काळा भुगा पडतो, भिंतीला वळ उठतो. तसा टायर पुन्हा वापरू नये. हा टायर मात्र अजून वाचला होता. स्टेपनीवरचा चार आकडी शिक्काही त्यांनी मला वाचायला सांगितला. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी, पण बाजूला बारीक चिरा. अशा गाड्या धावतात थोड्या आणि उभ्या राहतात फार. टायर माणसासारखेच बसूनही म्हातारे होतात.

चाचांनी मागचे दिवे पाहिले. ब्रेक दाबला की इंडिकेटरसुद्धा मिणमिणत होता. “अर्थ गेलाय,” ते लगेच म्हणाले. त्यांनी एक वायर बॅटरीच्या वजा टोकाला आणि दुसरे टोक दिव्याच्या पत्र्याला लावले. दिवा लख्ख झाला. बॉडी बांधणाऱ्या कारागिराने अर्थचा बोल्ट रंगावरच आवळला होता. विजेला परतीची वाट मिळत नव्हती, म्हणून ती मिळेल त्या वाटेने जात होती. घराचे दिवे आणि यंत्राचा पडदा त्याच बोल्टवर. चाचांनी रंग खरवडला, पत्रा चमकेपर्यंत घासला, बोल्ट आवळून वर व्हॅसलीन लावले. मग दिवे लावले, फ्रीज लावला. यंत्र गप्प राहिले.

म्हणजे ते यंत्र खोटे बोलत होते तेही खरे, आणि त्या दिवशी खरे बोलत होते तेही खरे. लांडगा आला रे आला, या गोष्टीतल्या मुलाप्रमाणे त्याची पत गेली होती. पण त्या गोष्टीत गावकऱ्यांनी एक विचारले नाही, की मुलगा खोटे ओरडतो ते केव्हा आणि का? ते विचारले असते, तर खरी हाक त्यांना वेगळी ओळखू आली असती.

आबा शेवटी म्हणाले, “सायेब, आज पसरणीचा घाट नको. वाईत मुक्काम करा, उद्या जॉइंट बसवून वर जावा.”

गृहस्थ म्हणाले, “पण आमचं बुकिंग आहे वर.”

आजी खिडकीतून म्हणाल्या, “अरे, घर तर बरोबरच आहे की आपलं!”

सगळे हसले आणि प्रश्न सुटला. आबांनी चाक खोलण्याचे व नळीचे मिळून साडेतीनशे रुपये घेतले. दोन नवे टायर शेडमध्ये तसेच राहिले. शुल्क पुढे भरले गेले. त्यात सांगण्यासारखे काही नाही, आईने भिशीचे पैसे आधी उचलले एवढेच.

रात्री जेवताना आबांनी विचारले, “ते ओरडन्याचं तू कसं वळखलंस?” मी त्यांना अवशेष रीत समजावून सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतले. मग म्हणाले, “आमचा उस्ताद बी हेच सांगायचा. पर त्याला त्याचं नाव ठावं नव्हतं.”

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. ज्ञान घरात होते. त्याला नाव नव्हते. नाव नसले की ते दुसऱ्याला देता येत नाही. आबांच्या हातातले आबांच्याच हातात राहते. माझ्या शिक्षणाचा उपयोग काय, याचे एक उत्तर मला येथे मिळाले. जानेवारीपासून मी दुकानात एक वही ठेवली आहे. तिच्यात तीन रकाने आहेत: गिऱ्हाईक काय म्हणाले, आधी काय बदलले होते, आणि खरे कारण काय निघाले. आतापर्यंत चौसष्ट नोंदी झाल्या. पहिला आणि तिसरा रकाना सारखा निघाला, अशा फक्त अकरा.

ती वही वाचताना मला कधी कधी वाटते की हे केवळ गाड्यांचे नाही. मुलगा नापास झाला, शिकवणी बदला. मुलीचे लक्ष लागत नाही, कॉलेज सोडवा. आपण किती घरांत टायरच बदलत बसलो आहोत!

वाचकांपैकी बहुतेकांकडे निदान दुचाकी असेलच. एक विनंती करते. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. सकाळी भरलेली पासष्ट पौंड हवा दुपारच्या रस्त्यावर बहात्तर दाखवते. ती जास्त झाली असे समजून काढू नका. ती जास्त झालेली नसते, तापलेली असते. आणि टायर एकाच बाजूने झिजलेला दिसला, तर नवा घेण्याआधी आमच्या शेडकडे या. आबा बहुधा तुम्हाला टायर विकणार नाहीत.